आपली मंडळी नेमकी कोणती?

प्रश्न : बाई, सलाम. माझं माहेर नगर जिल्ह्यातलं. लग्नानंतर पिंपरीला आले. आजी म्हणायची, आपण 'काँग्रेगेशनल'. देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, पाटीवर मात्र 'सीएनआय' लिहिलेलं. सध्या मैत्रिणीबरोबर एका प्रार्थनासभेला जाते. तिथे विचारतात, तुमची मंडळी, म्हणजे तुमचं चर्च, काय मानते? मला धड सांगता येत नाही. मी सहा महिन्यांची असताना माझा बाप्तिस्मा, म्हणजे पाणी लावून मंडळीत घेण्याचा विधी, झाला. तो खरा नव्हे, पुन्हा पाण्यात उतरून घ्या, असंही सांगतात. काय करू? – एक वाचक, पिंपरी

उत्तर : सलाम. आजी खरं बोलत होती आणि पाटीही खरी आहे.

अमेरिकन मराठी मिशन या अमेरिकन मिशनऱ्यांच्या संस्थेचे लोक १८१३ मध्ये मुंबईत आले, १८३१ मध्ये नगरला. ते काँग्रेगेशनल. म्हणजे वर बिशप नाही. सभासदांनी एकत्र बसून पाळक, म्हणजे आपला धर्मगुरू, ठरवायचा, कारभार आपणच पाहायचा. आजीला अभिमान होता तो याचा. १९२४ मध्ये या मंडळ्या प्रेस्बिटेरियनांशी, म्हणजे निवडलेल्या वडीलजनांच्या सभेने कारभार चालवणाऱ्या मंडळ्यांशी, एक झाल्या. पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चेस मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे तुमच्या पाटीवरचं सीएनआय झालं. मी तेव्हा नुकतीच शाळेत शिकवू लागले होते. वडील पाळक होते. आता आपल्यालाही बिशप असणार, हे सांगताना त्यांचा आवाज कापला होता, ते मला अजून आठवतं.

त्या सहांत तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देणारे अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतले, होते, तसे स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करणाऱ्यालाच पाण्यात उतरवणारे बॅप्टिस्टही होते. एकीची बोलणी १९२९ पासून चालली होती. बाप्तिस्मा हा त्यातला अवघड प्रश्न. शेवटी ठरलं, दोन्ही रीती ठेवायच्या. तुम्हाला आज जो प्रश्न छळतो आहे, त्यावर आपल्या मंडळीने एवढी वर्षं विचार केला आहे, हे आधी लक्षात घ्या.

एकीनंतर डहाणूकडचं एक ब्रदरेन कुटुंब आमच्या गावी बदलून आलं. ब्रदरेन हे त्या सहांतलेच, तेही समजत्या वयातच बाप्तिस्मा देणारे. त्यांनी बाळ देवळात आणलं, पण बाप्तिस्म्यासाठी नव्हे, अर्पणासाठी, म्हणजे देवाच्या हाती सोपवण्यासाठी. माझ्या वडिलांनी बाळाला हातांवर घेतलं, प्रार्थना केली, पाणी लावलं नाही. म्हाताऱ्या बायकांत कुजबूज झाली. बारा-तेरा वर्षांनी तोच मुलगा स्वतः म्हणाला, मला बाप्तिस्मा हवा. नदीवर गेलो सगळे, त्या म्हाताऱ्यांतल्या ज्या हयात होत्या त्याही. कोणी कोणाला खोटं ठरवलं नाही.

तुमच्या बाबतीत आई-वडील आणि मंडळी तुमच्या वतीने बोलली. पुढे प्रभुभोजनाला, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घ्यायला, बसण्याआधी मंडळीपुढे उभं राहून तुम्ही विश्वास कबूल केला असेल, तर जे तेव्हा दुसऱ्यांनी म्हटलं ते तुम्ही स्वतः म्हटलंत. केला नसेल, तर तेच करायचं राहिलं आहे. माझ्या मते पुन्हा बाप्तिस्मा घेण्याची गरज नाही. घेतला, तर पहिल्या दिवशी देवाने काही केलंच नाही असं म्हटल्यासारखं होईल, आणि ते मला मान्य नाही.

'तुम्ही काय मानता' याचं उत्तर तुम्ही उपासनेत उभं राहून म्हणतच आला आहात: पिता, पुत्र, पवित्र आत्मा, ख्रिस्ताचं मरण आणि पुनरुत्थान. हे शब्द आपल्या मिशनचे नाहीत. आजच्या तुर्कस्तानातल्या नायसियात ३२५ मध्ये बिशप जमले, तेव्हापासूनच्या मंडळीचे आहेत. वसईचे कॅथलिकही तेच म्हणतात. पवित्र शास्त्र, बाप्तिस्मा, प्रभुभोजन हे त्याच्या जोडीला. आणि मी तर कवी नारायण वामन टिळकांची भजनंही सांगेन. त्यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पाचेक वर्षांनी, स्वतःला पटल्यावर. अभंगाच्या चालीवर ख्रिस्ताला आळवणं ही आपल्या मराठी मंडळीची ओळख आहे. शहरात ती पुसट होताना पाहून मला वाईट वाटतं.

प्रार्थनासभेला जरूर जा. प्रार्थना कुठेही चांगलीच. पण पाण्यात उतरण्याआधी पाळकांकडे जाऊन बसा, हे सगळं मोकळेपणाने सांगा. माहेरच्या देवळातल्या बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात तुमचं नाव शोधायला सांगा आणि त्या पानाचा उतारा मागवून घ्या. आजी तेव्हा देवळात होती का, हे आईला विचारा.