वाचकांचे प्रश्न: आबांची लघवीची पिशवी आणि बीसीजी

प्रश्न: डॉक्टर मॅडम, सप्रेम नमस्कार. आमचे आबा ६६ वर्षांचे. ४० वर्षं बिडी ओढली. चैत्रात दोन दिवस लघवीतून लाल गेलं, मग आपोआप थांबलं. दुखलं नाही म्हणून त्यांनी कुणाला सांगितलं नाही. दोन महिन्यांनी पुन्हा गेलं तेव्हा आम्हाला कळलं. दुर्बिणीतून गाठ काढली, रिपोर्टात कॅन्सर, 'हाय ग्रेड, टी १' असं लिहिलंय. आता डॉक्टर ६ आठवडे पिशवीत बीसीजी सोडणार म्हणतात. बीसीजी तर बाळाच्या दंडावर टोचतात ना? क्षयाचे जंतू पिशवीत कशाला? शिवाय हा आजार पुन्हा येऊ शकतो, दर तीन महिन्यांनी दुर्बीण घालून बघावं लागेल, असंही सांगितलंय. भाचा म्हणतो, अमेरिकेत प्रयोगशाळेत नवी पिशवी तयार करतात. मग हीच कशाला राखत बसायची?
एक वाचक, कराड

उत्तर: 'दुखलं नाही म्हणून सांगितलं नाही' या वाक्याशी मी थांबले. माझ्या मामांनीही असंच केलं होतं. लाल दिसलं, उष्णता झाली असेल म्हणून धने-जिऱ्याचं पाणी प्यायले, आणि रक्त थांबलं. ते धने-जिऱ्यांनी थांबलं नव्हतं. हे रक्त असंच येतं आणि असंच जातं. उन्हाळी लागली की जळजळ होते, माणूस घरभर सांगतो. न दुखता आलेलं रक्त मात्र तो मनातच ठेवतो. मामांनी ८ महिने ठेवलं. मी तेव्हा पॅथॉलॉजीत एम.डी. करत होते, रोज परक्या माणसांच्या स्लाइड्स बघत होते. मामांच्या गाठीचे तुकडे आमच्या विभागात आले, तेव्हा तिने स्नायू गाठलेला होता. तुमचे आबा त्या मानाने फार लवकर पोचले, हे आधी त्यांना सांगा.

तुमच्या तिन्ही प्रश्नांचं मूळ पिशवीच्या अस्तरात आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

इतकं शांत अस्तर शरीरात क्वचित सापडेल. आतड्याच्या आतलं अस्तर ४-५ दिवसांत बदलतं. पिशवीत तीच पेशी महिनोन्महिने टिकते. सगळ्यात वरच्या थरातल्या पेशींना छत्री पेशी म्हणतात. लघवीच्या स्लाइडवर एखादी दिसते: शेजारणींच्या मानाने अवाढव्य, पसरट, आणि बऱ्याचदा दोन केंद्रकांची, जोडबलकाच्या अंड्यासारखी. नव्या विद्यार्थ्याला तिच्यावर हमखास कॅन्सरची शंका येते. ३१ वर्षांत मी कितीतरी जणांना हीच पेशी दाखवून म्हटलं असेल, 'घाबरू नका, ही घरचीच आहे.' तिच्या वरच्या पापुद्र्यात युरोप्लाकिन नावाच्या प्रथिनांच्या षटकोनी फरश्या घट्ट बसवलेल्या असतात. पिशवी भरायला लागली की पेशीच्या आत साठवून ठेवलेला जास्तीचा पापुद्रा वर येऊन जोडला जातो, रिकामी झाली की परत आत ओढला जातो. म्हणून तर अर्धा लिटर लघवी तासन्‌तास साठून राहते आणि तिच्यातली घाण रक्तात परत झिरपत नाही.

या अस्तराला जखम झाली की ते खडबडून जागं होतं. लघवीचा जंतुसंसर्ग बहुतेक वेळा ई. कोलाय या जिवाणूमुळे होतो. तो आपल्या केसाळ तंतूंनी त्याच युरोप्लाकिनला चिकटतो. मग ती छत्री पेशी आपली जागा सोडते आणि चिकटलेल्या जंतूंसकट लघवीतून निघून जाते. खाली उघडं पडलेलं अस्तर पुन्हा विणायचं काम तळाच्या थरातल्या पेशी करतात. २०११ साली अमेरिकेत स्टॅनफर्डमध्ये फिलिप बीची यांच्या गटाने उंदरांवर हे टप्प्याटप्प्याने पाहिलं. तळाची पेशी 'हेजहॉग' नावाचा संदेश खालच्या आधार-ऊतीला पाठवते, ती ऊती उलट 'विन्ट'चा संदेश धाडते, आणि या देवाणघेवाणीत पेशी वाढत जाऊन काही दिवसांत अस्तर भरून निघतं. त्यांचा लेख वाचला त्या दिवशी मी जुन्या स्लाइड्स काढून पुन्हा पाहिल्या. इतकी वर्षं ज्या तळाच्या रांगेवरून माझी नजर नुसती सरकून जात होती, सगळा संसार तिच्या जिवावर चालला होता.

आता कॅन्सरकडे येते. याच गटाने पुढे उंदरांना पाण्यातून कॅन्सर करणारं रसायन महिनोन्‌महिने दिलं. आत घुसणारा कॅन्सर उगवला तो याच तळाच्या पेशींतून. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या गटाला असं दिसलं की फुलकोबीच्या तुऱ्यासारख्या, वरवर वाढणाऱ्या गाठी मधल्या थरातून येतात. म्हणजे जखम भरायला ज्या पेशी धावून येतात, त्यांचीच वाढ थांबेनाशी झाली की गाठ होते. बिडीच्या धुरातली रसायनं फुप्फुसातून रक्तात, रक्तातून मूत्रपिंडात जातात आणि तिथून लघवीत उतरून पिशवीत तासन्‌तास थांबतात. पिशवीचा कॅन्सर आणि रसायनं यांचं नातं जुनं आहे. १८९५ साली फ्रँकफर्टचे शल्यचिकित्सक लुडविग रेन यांनी रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांत ते पहिल्यांदा दाखवलं. बिडीतही त्याच कुळातली रसायनं असतात.

'पुन्हा येऊ शकतो' असं डॉक्टर का म्हणतात? २०२० साली इंग्लंडमधल्या सँगर इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी २० माणसांच्या पिशवीच्या अस्तराचे २,००० हून जास्त अतिसूक्ष्म तुकडे तपासले. डोळ्यांना अगदी निरोगी दिसणाऱ्या अस्तरातही जनुकं बदललेल्या पेशींची छोटी छोटी घराणी जागोजाग वस्तीला होती. बहुतेक घराणी आयुष्यभर गप्प राहतात. पण तुम्ही कराडकडचे, हरळी तुम्हाला मी सांगायला नको. वरून खुरपली तरी तिचा धागा जमिनीत राहतो, आणि पाऊस झाला की चार हातांवर नवा कोंब दिसतो. आबांची एक गाठ निघाली, तरी ४० वर्षं धुराचं पाणी झेललेलं अस्तर तेच आहे. दर तीन महिन्यांची दुर्बीण त्यासाठी आहे. सगळं ठीक वाटतंय म्हणून एकही तारीख चुकवू नका. आणि बिडी आजपासून बंद, 'आता काय फरक पडतो' हे ऐकून घेऊ नका. फरक पडतो.

एक काम लगेच करा. रिपोर्ट काढा आणि तुकड्यांत स्नायू होता की नाही हे लिहिलंय का ते बघा. हे तुकडे आमच्याकडे फॉर्मेलिनच्या बाटलीत येतात, ओल्या खोबऱ्याच्या कापांसारखे, कडा विजेच्या तारेने करपलेल्या. हाय ग्रेड म्हणजे जोमाने वाढणाऱ्या, आक्रमक पेशी. टी १ म्हणजे कॅन्सर अस्तर ओलांडून खालच्या मऊ थरात शिरला, पण स्नायूपर्यंत पोचला नाही. आता तुकड्यात स्नायूच आला नसेल, तर तो पोचला नाही हे मी कशावरून सांगणार? गुलाबी रंगलेले स्नायूंचे जाड जुडगे स्लाइडवर दिसले आणि त्यांत कॅन्सर नाही अशी खात्री झाली की मगच माझा जीव भांड्यात पडायचा. टी १ असेल तेव्हा साधारण २ ते ६ आठवड्यांत त्याच जागी पुन्हा एकदा दुर्बिणीतून खरवडून बघतात. आबांचं ते झालं नसेल, तर बीसीजी सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा. विचारण्यात त्यांचा अपमान नाही.

बीसीजी हा जिवंत पण दुबळा केलेला जंतू आहे. फ्रान्समध्ये काल्मेट आणि गेरँ यांनी १९०८ पासून १३ वर्षं बटाटा, ग्लिसरीन आणि पित्तावर तो २३० वेळा वाढवून त्याची धार घालवली. १९७६ साली कॅनडातल्या किंग्स्टन इथे अल्वारो मोरालेस यांनी ९ रुग्णांच्या पिशवीत तो सोडला आणि गाठी परत येण्याचं प्रमाण घटलं. ६ आठवडेच का, याचं कारण साधं होतं: त्यांना मिळालेल्या पाकिटात ६ कुप्या होत्या. तो आकडा आजही चालू आहे. बीसीजी स्वतः कॅन्सर खात नाही. तो अस्तराला चिकटतो, आत शिरतो आणि शरीराच्या शिपायांना त्या दारात बोलावून आणतो. एरवी या शांत अस्तराकडे ते फिरकत नाहीत. आले की बीसीजी घेतलेल्या कॅन्सरच्या पेशींनाही सोडत नाहीत. पिशवीसाठीची बीसीजी पुण्याची सीरम इन्स्टिट्यूटही बनवते. बाळाच्या लशीपेक्षा तिची मात्रा शेकडो पटींनी जास्त असते, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी चालत नाही.

औषध नळीने सोडतात आणि साधारण २ तास आत धरून ठेवायचं असतं. त्या दिवशी लघवीतून रक्त जात असेल, जंतुसंसर्ग असेल किंवा नळी घालताना जखम झाली असेल, तर डोस पुढे ढकलायचा, घाई करायची नाही. पुढचे ६ तास आबांनी बसूनच लघवी करावी, भांड्यात ब्लीच ओतून १५ मिनिटांनी पाणी सोडावं. दोन दिवस जळजळ, थोडी कणकण चालते. भरून ताप आला किंवा ताप टिकून राहिला, तर रात्र असली तरी डॉक्टरांना फोन करा.

आता भाच्याचं. त्याने वाचलंय ते खोटं नाही. अँथनी अटाला यांनी बॉस्टनमध्ये जन्मतः पाठीच्या कण्यात दोष असलेल्या ७ मुलामुलींच्या पिशवीचा छोटा तुकडा घेतला, पेशी वाढवल्या, कोलाजेन वगैरेंच्या साच्यावर आतून अस्तर आणि बाहेरून स्नायू पेरले, आणि साधारण ७ आठवड्यांनी तो भाग त्यांच्याच पिशवीला शिवला. २००६ साली हे प्रसिद्ध झालं. पण तो पिशवीला लावलेला जोड होता, अख्खी पिशवी नव्हती. पुढच्या, जास्त कडक चाचणीत पिशवीची क्षमता अपेक्षेप्रमाणे वाढली नाही आणि गंभीर त्रासही झाले, हे २०१४ मध्ये छापून आलं. मला तेव्हा मनापासून वाईट वाटलं होतं. आबांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे: वाढवायला पेशी घेणार कुठून? त्याच हरळीच्या रानातून? ४ मे २०२५ ला लॉस एंजेलिसमध्ये माणसात पहिल्यांदा पिशवीचं प्रत्यारोपण झालं, सोबत मूत्रपिंडही. पण दुसऱ्याचा अवयव टिकवायला प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कायम घ्यावी लागतात. पिशवी काढावीच लागली तर आजही आतड्याच्या तुकड्याची सोय करतात. ती चालते, माणसं तिच्यासह चांगली जगतात. तरी आतडं शेवटी आतडंच, ते चिकट स्राव सोडतं आणि लघवीतले क्षार शोषून घेतं. छत्री पेशीचं काम त्याला येत नाही. म्हणून आबांची आहे ती पिशवी राखायची धडपड.

प्रश्न: नदीत पोहल्यामुळे पिशवीचा कॅन्सर होतो असं ऐकलं. खरं आहे का?
एक वाचक, चिपळूण

उत्तर: ही गोष्ट मुख्यतः इजिप्तची आणि आफ्रिकेची. तिथल्या गोड्या पाण्यातल्या गोगलगायींतून शिस्टोसोमा नावाचा कृमी बाहेर पडतो आणि पाण्यात उतरलेल्या माणसाच्या कातडीतून आत शिरतो. त्याची अंडी पिशवीच्या भिंतीत रुततात. वर्षानुवर्षं जखम होते, भरते, पुन्हा होते, अस्तर बदलून कातडीसारखं होतं आणि काहींना तिथे कॅन्सर होतो. वरच्या उत्तरात जे सांगितलं, तेच इथे बिडीऐवजी कृमीमुळे घडतं. तुम्ही चिपळूणचे, म्हणून आवर्जून सांगते: १९५२ साली तुमच्याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात हा कृमी सापडल्याची नोंद गाडगीळ आणि शहा यांनी केली होती. भारतात असा साठा सापडणं इतकं अनपेक्षित होतं की आम्हाला परीक्षेत गिमवीचं नाव विचारायचे. आपल्याकडे पिशवीच्या कॅन्सरमागे हे कारण क्वचितच असतं, बिडी-सिगारेट फार पुढे आहे. कॅन्सरच्या भीतीने पोहणं सोडू नका, पूर आणि गढूळ पाणी तेवढं टाळा. लघवीत लाल दिसलं, तर एकदाच दिसलं तरी, दुखलं नाही तरी, त्याच आठवड्यात दाखवा.