‘रश’ पाहून वाद घालणाऱ्यांसाठी

गेल्या अंकात ‘रश’ या २०१३ च्या चित्रपटावर लेख आला आणि शर्यतवेड्या वाचकांची पत्रं सुरू झाली. रॉन हॉवर्डचं दिग्दर्शन, पीटर मॉर्गनची पटकथा आणि विषय १९७६ चा फॉर्म्युला वन हंगाम. मॅकलॅरेनचा जेम्स हंट क्रिस हेम्सवर्थने केला, फेरारीचा निकी लाउडा डॅनियल ब्रूलने. चित्रपट खोटा की खरा यावर पत्रांमध्ये बरीच खडाजंगी आहे. त्यातले निवडक प्रश्न घेतले आहेत.

हंट आणि लाउडा एकमेकांचे खरेच इतके वैरी होते का? आमच्या गटात यावरून दोन तट पडले आहेत. (पुणे)

नव्हते. चित्रपटावर रागवायचं असेल तर पहिला राग इथे काढावा. उमेदवारीच्या काळात दोघांची चांगली मैत्री होती, लंडनमध्ये काही काळ ते एकाच घरात राहिलेही. मैत्री पुढेही टिकली. हंट १९९३ मध्ये ४५ व्या वर्षी गेला, तेव्हा लाउडाला मनापासून दुःख झालं. चित्रपटाच्या सुरुवातीला १९७० मध्ये क्रिस्टल पॅलेसला फॉर्म्युला थ्रीच्या शर्यतीत दोघांची टक्कर होते आणि तिथून वैर पेटतं. त्या वर्षी तिथे हंटची गाजलेली धडक आणि हातघाई झाली होती हे खरं, पण ती डेव्ह मॉर्गनशी. लाउडाचा तिच्याशी संबंध नाही. जखमी लाउडाला बोचरा प्रश्न विचारणाऱ्या पत्रकाराला हंट बदडतो, तो प्रसंगही पटकथेत रचलेला आहे.

दुसऱ्या तटाच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. स्वतः लाउडाने चित्रपट पाहून ब्रूलच्या कामाला दाद दिली होती. बोलण्याची ढब, तुटक वाक्यं, आकड्यांत विचार करायची सवय हे सगळं त्याने अचूक पकडलं आहे. मैत्रीचं वैर केलं, तरी माणूस खोटा झाला नाही.

हंट ६९ गुणांनी विजेता, लाउडाला ६८. हा एक गुण कुठून आला? हिशेब मांडून दाखवाल का? (नाशिक)

तेव्हा पहिल्या सहा जणांना ९, ६, ४, ३, २, १ असे गुण मिळत. १६ शर्यतींपैकी पहिल्या आठांतले उत्तम सात निकाल आणि पुढच्या आठांतले उत्तम सात निकाल धरायचे, असा नियम होता. त्या हंगामात ही काटछाट दोघांनाही लागली नाही, कारण कोणत्याच आठांत कोणाचे सातपेक्षा जास्त गुणी निकाल नव्हते.

हंट: स्पेन, फ्रान्स, जर्मनी, हॉलंड, कॅनडा, अमेरिका या सहा विजयांचे ५४. दक्षिण आफ्रिकेत दुसरा, ६. जपानमध्ये फुजीला तिसरा, ४. ऑस्ट्रियात चौथा, ३. स्वीडनमध्ये पाचवा, २. बेरीज ६९.

लाउडा: ब्राझील, दक्षिण आफ्रिका, बेल्जियम, मोनॅको, ब्रिटन या पाच विजयांचे ४५. लाँग बीच आणि स्पेनला दुसरा, १२. स्वीडन आणि अमेरिकेत तिसरा, ८. इटलीत चौथा, ३. बेरीज ६८.

आता या यादीतली दोन नावं वेगळी काढा: स्पेन आणि ब्रिटन. या दोन्ही शर्यती रस्त्यावर हंटनेच जिंकल्या, पण दोन्हींचा निकाल पुढे टेबलावर लागला. १ मे १९७६ पासून गाडीच्या रुंदीवर २१५ सेंटिमीटरची मर्यादा आली. दुसऱ्याच दिवशी स्पेनमधल्या हारामाच्या शर्यतीनंतर हंटची मॅकलॅरेन एम२३ मागच्या चाकांपाशी १.८ सेंटिमीटर जास्त भरली आणि त्याला बाद केलं. टायरच्या बाजू फुगल्यामुळे रुंदी वाढली, असं मॅकलॅरेनचं म्हणणं. जुलैमध्ये अपिलात विजय परत मिळाला, वर दंड बसला. ब्रिटनमध्ये ब्रँड्स हॅचला उलटं झालं. पहिल्याच वळणावर लाउडा आणि त्याचा फेरारीतला जोडीदार क्ले रेगाझोनी घासले, हंटची गाडी त्यात सापडली आणि शर्यत थांबवली गेली. हंट फेरी पूर्ण न करता आतल्या वाटेने पिटमध्ये (संघाच्या दुरुस्तीच्या थांब्यावर) परतला, गाडी दुरुस्त झाली आणि पुन्हा सुरू झालेली शर्यत त्याने जिंकली. तक्रारी गेल्या आणि सप्टेंबरमध्ये तो विजय काढून घेतला.

नुसती बेरीज करून पाहा. दोन्ही निकाल रस्त्यावरचेच ठेवले तर हंट ७८, लाउडा ६५. दोन्हीकडे हंट बाद धरला तर हंट ६०, लाउडा ७१. एका गुणाचं विजेतेपद या दोन निकालांवर तोललेलं होतं. चित्रपटात स्पेनचा वाद आहे, ब्रँड्स हॅचचा जवळजवळ नाहीच. जाणकारांनी चित्रपटाला सर्वांत जास्त धारेवर धरावं ते या वगळण्याबद्दल. हंट अर्ध्या हंगामात गाळात का गेला तेही इथेच आहे. स्पेननंतर मॅकलॅरेनने रुंदीच्या धास्तीने ऑइल कूलर बाजूने काढून मागे नेले. हवेचा प्रवाह बिघडला आणि मागच्या पंखाला पुरेसा दाब मिळेना. फ्रान्सच्या आधी कूलर मूळ जागी आणले आणि हंट तिथे जिंकला.

सरळ रस्त्यावर पूर्ण वेगात असताना ड्रायव्हर गिअर टाकतो आणि पॅडल आणखी दाबतो. मग आधी तो काय करत होता? (कोल्हापूर)

हा आक्षेप बरोबर आहे आणि जवळजवळ प्रत्येक शर्यतपटाला लागू पडतो. सरळ भागात पॅडल आधीच तळाला टेकलेलं असतं. दाबायला जागाच उरत नाही.

मात्र गिअर हाताने टाकणं खरं आहे. कॉसवर्थ डीएफव्ही हे तीन लिटरचं व्ही८ इंजिन, मॅकलॅरेनने त्याला त्या वर्षी सहा गिअरची पेटी दिली होती. लाउडाच्या फेरारीत आडवं बारा सिलिंडरचं इंजिन होतं. दोन्ही गाड्यांत सिंक्रो (गिअरचे वेग जुळवून देणारी रचना) नाही, दातांची कडी थेट अडकते. म्हणून घरच्या गाडीसारखा गिअर हलक्या हाताने, सावकाश टाकला तर दात एकमेकांवर घासतात, कोपरे झिजतात आणि काही फेऱ्यांनी तो गिअर आपोआप सुटायला लागतो. दांडा एका झटक्यात, ठाम हलवावा लागतो.

वरच्या गिअरला जाताना क्षणभर पाय उचलायचा, क्लच थोडाच दाबायचा, दांडा हलवायचा, पाय परत तळाला. खालच्या गिअरला येताना काम जास्त. सरळ रेषेत असतानाच चवड्याने ब्रेक लावायचा. ब्रेकवरचा दाब न सोडता क्लच दाबायचा. त्याच पायाच्या उजव्या कडेने ॲक्सिलरेटरला टिचकी देऊन इंजिनचे फेरे वाढवायचे. मग खालचा गिअर, मग क्लच सोडायचा. ही टिचकी राहिली तर क्लच सुटताच मागची चाकं क्षणभर जखडतात आणि गाडी फिरते. ओल्या रस्त्यावर तर हमखास. दुसरी चूक म्हणजे गिअर हुकणं. तेव्हा इंजिनवर भार उरत नाही, फेरे मर्यादेपलीकडे धावतात आणि व्हॉल्व्ह पिस्टनला आपटतो. चित्रपटात ओरडणाऱ्या इंजिनाचा आवाज तेवढ्या काळजीने ऐका.

न्युर्बुर्गरिंगचा अपघात दाखवलाय तसाच झाला का? दोष कोणाचा? (ठाणे)

१ ऑगस्ट १९७६, जर्मन ग्राँ प्री. २२.८ किलोमीटरची एक फेरी, अशा १४. लाउडाने शर्यतीवर बहिष्काराचा प्रस्ताव मांडला होता, इतर ड्रायव्हरांनी तो मान्य केला नाही. एवढ्या लांबीच्या डोंगरी वाटेवर मदतीची माणसं प्रत्येक वळणाशी उभी करणं अशक्य होतं, हा त्याचा मुद्दा होता. नेमकं तेच पुढे घडलं. रस्ता ओला होता, पण वाळत चालला होता. बहुतेकांनी पावसाळी टायरवर सुरुवात केली आणि पहिल्या फेरीनंतर पिटमध्ये येऊन ‘स्लिक’ (कोरड्या रस्त्याचे, खाचा नसलेले टायर) चढवले. लाउडानेही. थंड स्लिक, अर्धा ओला रस्ता आणि गेलेला वेळ भरून काढायची घाई.

दुसऱ्या फेरीत बेर्गवेर्कच्या आधी गाडी सुटली, कठड्यावर आदळून पेटली आणि रस्त्यावर परत आली. ब्रेट लंगरची गाडी तिला धडकली. लंगर, गाय एडवर्ड्स, हाराल्ड एर्टल आणि आर्तुरो मेर्झारिओ यांनी लाउडाला बाहेर काढलं. पट्टा सोडवला मेर्झारिओने. ही नावं तोंडपाठ असावीत इतकं मोठं काम या चौघांनी केलं.

दोष कोणाचा, याचं पक्कं उत्तर कधीच मिळालं नाही. मागचं सस्पेन्शन तुटल्याचा संशय सर्वांत जास्त घेतला जातो, पण तो सिद्ध झालेला नाही. त्यामुळे कोणी छातीठोकपणे कारण सांगत असेल तर मानू नका. धक्क्यात हेल्मेट निघालं, चेहरा भाजला, पण जिवावर बेतलं ते विषारी धुरामुळे फुप्फुसांना झालेल्या इजेने. सहा आठवड्यांत, १२ सप्टेंबरला, जखमा ओल्या असतानाच तो इटलीत मोंझाला उतरला आणि चौथा आला. चित्रपटाचा हा भाग आम्हाला सर्वांत प्रामाणिक वाटतो. पुढच्या वर्षीपासून जर्मन ग्राँ प्री हॉकेनहाइमला गेली.

चित्रपटातली एखादी शर्यत हंगामाच्या कोणत्या टप्प्यातली, हे गाडीवरून ओळखता येतं का? (सांगली)

येतं. ड्रायव्हरच्या डोक्यामागे हवा खेचणारी उंच चिमणी दिसली, तर शर्यत मेपूर्वीची. रुंदीच्या नियमाबरोबरच ती उंच चिमणीही बंद झाली, त्यामुळे स्पेनपासून गाड्या बसक्या दिसतात. लाउडाची फेरारी ३१२टी२ सुद्धा स्पेनपासूनची. ब्राझील, दक्षिण आफ्रिका आणि लाँग बीचला तो आधीची ३१२टी चालवत होता.

फुजीला, हंगामाच्या शेवटच्या शर्यतीत, लाउडाने माघार घेतली नसती तर? आणि शेवटच्या फेऱ्यांचा थरार वाढवून दाखवलाय का? (पणजी)

थरार मूळचाच आहे. तीन गुणांनी मागे असलेला हंट सुरुवातीपासून पुढे होता. लाउडा दोन फेऱ्यांनंतर पिटमध्ये येऊन उतरला. भाजलेल्या पापण्या नीट मिटत नव्हत्या आणि पाण्याच्या फवाऱ्यात पुढचं काही दिसत नव्हतं. इंजिन बिघडलं असं सांगू, असं फेरारीचे तंत्रप्रमुख माउरो फोर्गिएरी यांनी सुचवलं. लाउडाने नकार दिला आणि खरं कारण जसंच्या तसं सांगितलं. एमर्सन फिटिपाल्डी आणि कार्लोस पासे यांनीही त्या दिवशी गाडी थांबवली, म्हणून ‘घाबरला’ म्हणणाऱ्यांचं आम्ही ऐकणार नाही.

मग पाऊस ओसरला आणि सगळी गोष्ट टायरवर आली. पावसाळी टायरचं रबर मऊ असतं, त्याला थंड राहायला पाणी लागतं. रस्ता वाळू लागला की ते तापतं, टायरवरचे ठोकळे लवतात आणि तुकडे सुटतात. उपाय सोपा आहे: सरळ भागात वाळलेली रेषा सोडून मुद्दाम डबक्यांतून गाडी न्यायची आणि वळणात मऊ हात ठेवायचा. मारिओ आंद्रेत्तीने लोटसचे टायर जपले आणि शर्यत जिंकली. हंटचा टायर शेवटी बसला. चाकं बदलून तो पाचवा बाहेर पडला आणि अखेरच्या फेऱ्यांत ॲलन जोन्स आणि रेगाझोनी यांना मागे टाकून तिसरा झाला. आपण हरलो असं समजून तो गाडीतून उतरतो आणि संघप्रमुख टेडी मेयरवर भडकतो, हेही खरं घडलेलं आहे.

‘नसती तर’चं उत्तर आकड्यांत द्यायचं तर हंट तिसरा आल्यावर लाउडाला पाचवा क्रमांक पुरला असता.

‘फोर्ड व्हर्सेस फेरारी’ बद्दलही दोन ओळी लिहा. (इचलकरंजी)

२०१९ च्या या चित्रपटात १९६६ ची ल माँ शर्यत आहे. एंझो फेरारी तेव्हा तिथे नव्हता, चित्रपटात आहे. फोर्डच्या केन माइल्सचा जोडीदार डेनी हल्म याला पडद्यावर जवळपास जागाच नाही, ही चाहत्यांची तक्रार रास्त आहे. शेवटचा निकाल मात्र खरा. फोर्डने गाड्या एकत्र सीमारेषेवर आणायचं ठरवलं, पण ब्रूस मॅकलॅरेन आणि क्रिस अमॉन यांची गाडी सुरुवातीला मागून निघाली होती. २४ तासांत तिने तेवढं अंतर जास्त कापलं, म्हणून विजय तिचा ठरला. पॅडल आणखी दाबण्याबद्दलचा कोल्हापूरकरांचा आक्षेप इथेही तितकाच लागू.