नेटचं रिन्यूअल आलंय? आधी भाव बोला

भाऊ, मुदत संपायच्या आठवडाभर आधीच बोलणं सुरू करा. नेट बंद पडल्यावर फोन केला की तुमची नड समोरच्याला कळते, मग तो भाव सोडत नाही. जळगाव-भुसावळकडे बरीच कनेक्शनं केबलवाल्यामार्फत आलेली असतात, म्हणून कस्टमर केअरसोबत त्यालाही विचारा. गिऱ्हाईक टिकण्यात त्याचंही हित आहे.

नव्या गिऱ्हाइकाला आज काय ऑफर आहे ते कंपनीच्या अ‍ॅपवर बघून ठेवा. तुलना करताना १८ टक्के जीएसटी धरा. ४९९चा प्लॅन शेवटी ५८९ला पडतो. मग शांतपणे विचारा, "नव्याला एवढ्यात देता, मग जुन्याला काय?" आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा. पैसे कमी होत नसतील तर सहा महिन्यांवर एक महिना जादा मागा. ठरलेला भाव व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या.

वर्षाचे पैसे एकदम भरायची घाई मात्र नको. पावसाळ्यात तुमच्या गल्लीत लाइन किती टिकते ते शेजाऱ्यांना विचारा. राउटरचं डिपॉझिट भरलं असेल तर त्याची पावती आत्ताच शोधून ठेवा, कनेक्शन सोडायची वेळ आली की तीच लागते.