आधी मोज, मग ठरव

प्रिय पोरी,

तुझं पत्र वाचलं. २००४ची सुबारू आउटबॅक, २.५ लिटरचं इंजिन, ऑटोमॅटिक गिअर, त्यात व्हरमाँटचा हिवाळा. गॅरेजवाला म्हणतो हेड गॅस्केट (इंजिनाचा ठोकळा आणि त्याचं ‘हेड’ नावाचं झाकण यांच्यामधली सील) गेलं, रूममेट म्हणते विकून टाक, बाबा पुण्याहून सांगतात की कर्ज काढ पण नवी घे. तीन माणसांची तीन मतं, आणि गाडीवर एकानेही काही मोजलेलं नाही. तू गोंधळणार नाहीस तर काय!

आधी टायर. तू लिहितेस, उजवा मागचा टायर फाटला म्हणून तेवढाच नवा टाकला. आणि दोन ओळी खाली लिहितेस, पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवलं की गाडी अडखळते, मागून कुणी धरून ठेवल्यासारखी. अगं, या दोन ओळी एकमेकींना जोडून वाच ना. ही गाडी चारही चाकांना सतत ताकद देते. एका टायरचा घेर वेगळा असला की ते चाक वेगळ्या गतीने फिरतं आणि तो फरक गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला असलेल्या क्लचच्या चकत्यांना रात्रंदिवस सोसावा लागतो. चकत्या तापतात, झिजतात. चारही टायरच्या घेरातला फरक पाव इंचाच्या आत हवा. नक्षीच्या खोलीत धरलं तर तो जेमतेम १ मिलिमीटर होतो. तुझे जुने तीन ५ मिलिमीटरवर असतील आणि नवा ८वर, तर हिशेब तूच कर. शिंप्याची टेप घे, टायरच्या मधोमध गुंडाळ, चार आकडे लिही. नवा टायर बाकीच्यांच्या मापाला घासून देणारे लोक अमेरिकेत आहेत, नाहीतर चारही बदल. तोवर बॉनेटखाली ‘एफडब्ल्यूडी’ (म्हणजे फक्त पुढच्या चाकांना ताकद) लिहिलेली फ्यूजची रिकामी जागा शोध आणि तिथे फ्यूज लाव. मागच्या चाकांची ताकद सुटेल. अडखळणं तेवढ्याने थांबलं तर दोष कुठे आहे ते कळलंच. मात्र बर्फात त्या फ्यूजवर गाडी हाकू नकोस.

आता गॅस्केट. ‘गेलं’ म्हणजे काय, हे त्याला विचारलंस का? या इंजिनाचं गॅस्केट बहुधा बाहेरच्या बाजूने पाझरतं, खालच्या कडेला तेल आणि कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्राव, दिसतं. तसंच ओलं व्हॉल्व्ह कव्हरच्या गॅस्केटमुळेही होतं, आणि ते काम त्या मानाने किरकोळ. म्हणून इंजिनाची खालची बाजू डीग्रीझरने धुऊन घे, आठवडाभर चालव, मग टॉर्च घेऊन ओल कुठून सुरू होते ते पाहा. कूलंटच्या बाटलीवर रोज सकाळी थंड इंजिनाला मार्करने रेघ मार. रेघ आठवडाभर हलली नाही, तर घाईने इंजिन उतरवायचं कारण नाही.

खरी भीती वेगळी आहे. इंजिन चालू असताना त्या बाटलीत बुडबुडे येत राहिले, हीटर मधेच गार हवा टाकू लागला, तापमानाचा काटा वर चढला, तर जळालेला वायू कूलंटमध्ये शिरतो आहे. त्याची चाचणी असते: रेडिएटरच्या तोंडाशी निळा द्राव धरतात, तो पिवळा झाला की खात्री. आणि काटा चढला की तिथेच थांबायचं. ‘घर पाच मिनिटांवर आहे’ हे मला ऐकवू नकोस. हेड ॲल्युमिनियमचं असतं, तापलं की वाकतं.

गॅस्केट बदलायचंच ठरलं तर दोन्ही बाजूंची, अनेक पत्र्यांची धातूची गॅस्केट, आणि हेड सपाट आहे का हे पट्टी लावून मोजून. त्याच वेळी टाइमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा ताल जुळवणारा पट्टा), तो ताणून धरणारा टेन्शनर, त्याला वळण देणारी आयडलर चाकं, वॉटर पंप आणि थर्मोस्टॅट. बेल्टची मुदत १,०५,००० मैल किंवा १०५ महिने, जे आधी येईल ते. तुझी गाडी १,४८,०००वर आहे आणि बेल्ट बदलल्याची पावती तुझ्याकडे नाही. पावती नाही म्हणजे बदललेला नाही, असंच धर. या इंजिनात बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. बेल्ट बसवताना क्रँकच्या चाकावरची बारीक रेघ जुळवायची असते, बाण नव्हे. बाण जुळवणारे मेकॅनिक आजही भेटतात, म्हणून हे त्याला आधीच विचार.

तेल बदलायला देशील तेव्हा शेजारी उभी राहा. खाली इंजिनाचा, गिअरबॉक्सचा आणि पुढच्या डिफरन्शिअलचा (डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरांचा) असे तीन वेगवेगळे ड्रेन बोल्ट आहेत. घाईत भलताच सोडतात आणि मग इंजिनात दुप्पट तेल ओततात. इंजिनाचं तेल साधारण ४ लिटर, पुढच्या डिफरन्शिअलचं १.२, मागच्याचं ०.८. पेट्रोल दोनदा भरलं की एकदा डिपस्टिकने (तेल मोजायच्या पट्टीने) तेल बघ, सकाळी, सपाट जागेवर.

लोक याला जुन्या गाडीचा हट्ट म्हणतात. म्हणू देत. ज्या गाडीचं प्रत्येक दुखणं टेपने, रेघेने, डिपस्टिकने पकडता येतं, ती भंगारात जाताना पाहून मला आजही वाईट वाटतं. पण मापच विरुद्ध गेलं तर हट्ट सोडायचा, हेही तितकंच खरं. आणि ते माप तुझ्याकडे इंजिनात नाही, गंजात आहे. रस्त्यावरच्या मिठाने ब्रेकच्या लोखंडी नळ्या आणि मागचा सबफ्रेम, म्हणजे मागच्या चाकांचे जोड पेलणारा लोखंडी सांगाडा, खाल्ला जातो. उजवं मागचं चाक उतरवून आतलं प्लॅस्टिक काढ. पेट्रोल भरायची नळी तिथून जाते आणि तिच्या आवरणामागे खारट चिखल साठून राहतो. नळी भोकं पडेपर्यंत सडली असेल तर भरताना पेट्रोलचा वास येतो. नळी बदलता येते. सबफ्रेमला मात्र स्क्रूड्रायव्हर टोचून पाहा. तो आत घुसला तर गॅस्केटवर एक डॉलरही घालू नकोस, सरकारी तपासणीत गाडी तशीही अडेल.

या शनिवारी टायरचे चार आकडे, बाटलीवरच्या रेघेचा फोटो आणि सबफ्रेमचा फोटो पाठव. गॅरेजवाल्याला तोवर हो म्हणू नकोस.

तुझा,
काका