गणित आणि फिजिक्स दोन्ही आवडतात, मग इंजिनिअरिंगची कोणती ब्रँच घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की गणित आणि फिजिक्स मनापासून आवडतं, केमिस्ट्री पाठ करायचा कंटाळा येतो, आणि घरचे म्हणतात ‘गणित चांगलं आहे ना, मग कॉम्प्युटर घे.’ इथेच गफलत होते. नुसतं ‘गणित आवडतं’ म्हणून ब्रँच ठरत नाही. कुठलं गणित आवडतं, ते आधी बघा.

कॉम्प्युटरचं गणित म्हणजे लॉजिक, मोजणीचे प्रकार, ग्राफ, संभाव्यता आणि सिद्धता. क्रमाने लावलेल्या १० लाख नावांतून एक नाव शोधायला जास्तीत जास्त २० वेळा तुलना पुरते, कारण दर वेळी मधल्या नावाशी तुलना केली की शोधायची यादी निम्मी होते. हे वाचून ‘यादी क्रमाने नसेल तर?’ असं डोक्यात आलं, तर ही ब्रँच तुमची. पण इंटिग्रेशनमध्ये रमणाऱ्याला तिथे चुकल्यासारखं वाटू शकतं. पुढे मशीन लर्निंगकडे गेलात तर कॅल्क्युलस परत भेटतं. फिजिक्स मात्र पहिल्या वर्षानंतर जवळपास संपतं. फिजिक्स खरंच आवडत असेल तर हे आधीच माहीत असायला हवं.

मेकॅनिकल, सिव्हिल, इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स या चौघींत फिजिक्स शेवटपर्यंत राहतं. यातली कोणती, हे मात्र गणितावरून कळत नाही. स्प्रिंगला टांगलेलं वजन आणि त्याची हालचाल मंदावणारा डॅम्पर घ्या. दुसरीकडे कॉइल, रेझिस्टर आणि कपॅसिटर सिरीजमध्ये जोडा. दोन्हींचं डिफरन्शियल इक्वेशन अगदी एकाच साच्याचं निघतं: वस्तुमानाच्या जागी इंडक्टन्स, डॅम्पिंगच्या जागी रेझिस्टन्स. मला हे साम्य फार सुंदर वाटतं. फरक एवढाच की एकीकडची हालचाल डोळ्यांना दिसते, दुसरीकडची मनातच उभी करावी लागते.

तुमचा कल कुठे आहे ते दोन छोट्या गोष्टींवरून बघा. ३० मिमी रुंद, ३ मिमी जाड पट्टी आडवी धरली की सहज वाकते, कडेवर उभी धरली की वाकत नाही. वाकण्याला होणारा विरोध रुंदी गुणिले उंचीचा घन या हिशेबाने बदलतो, म्हणून उभी पट्टी १०० पट ताठ. हा हिशेब लगेच कागदावर करून बघावासा वाटला तर मेकॅनिकल किंवा सिव्हिल. आता दुसरी गोष्ट. एसी सर्किटमध्ये ३ ओहम रेझिस्टन्स आणि ४ ओहम इंडक्टिव्ह रिॲक्टन्स सिरीजमध्ये असले की बेरीज ७ येत नाही, ५ येते. का, हे खोदावंसं वाटलं तर इलेक्ट्रिकल. तिथे कॉम्प्लेक्स नंबर रोज लागतात. इलेक्ट्रोस्टॅटिक्सच्या आवडीवर ही ब्रँच घेणारे याच ठिकाणी अडखळतात. इलेक्ट्रॉनिक्समध्ये त्यात फूरिए (सिग्नल वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींत फोडायचं गणित), सिग्नल आणि सेमीकंडक्टरची भर पडते.

केमिकल नावावरून बाद करू नका. तिथला बराच भाग वस्तुमानाचा आणि ऊर्जेचा ताळेबंद, उष्णता आणि द्रवांचा प्रवाह यांचा असतो.

आता करायचं काय? पहिल्या वर्षाची पुस्तकं बघू नका, तो अभ्यासक्रम बहुतेक ठिकाणी सगळ्यांना सारखाच असतो. दुसऱ्या वर्षाची तीन मिळवा: स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स (मेकॅनिकल, सिव्हिल), सर्किट थिअरी (इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स), डिस्क्रीट मॅथ्स (कॉम्प्युटर). प्रत्येकाला तीन संध्याकाळी द्या. ओळखीचं प्रकरण सोडून दुसरं वाचा आणि सोडवलेली १० उदाहरणं उत्तर झाकून करा. बरोबर किती आली ते मोजू नका, सवयीच्या विषयात मार्क जास्त पडणारच. कुठल्या पुस्तकात अडल्यावरही उत्तर न बघता बसून राहिलात, ते लिहून ठेवा. रोबोटचे व्हिडिओ पाहून मात्र ठरवू नका. रोबोटचा हात मेकॅनिकलचा, मोटरला हवी तशी वीज देणारी ड्राइव्ह इलेक्ट्रिकलची आणि वाट शोधणारा प्रोग्राम कॉम्प्युटरचा असतो.

पट्टी आणि सर्किट दोन्ही सारखेच आवडले, तर तिसऱ्या वर्षाच्या अभ्यासक्रमात कंट्रोल सिस्टिम्स (यंत्र किंवा सर्किट हवं तसं वागवायचा विषय) कुठे आहे ते तपासा. वर सांगितलेलं ते एकाच साच्याचं इक्वेशन तिथे पूर्ण कामाला लागतं, आणि हा विषय इलेक्ट्रिकल, मेकॅनिकल दोन्हींकडून गाठता येतो.