ओपन सोर्स सॉफ्टवेअर वापरून ग्राहकाची वेबसाइट केली, तर पैसे घेता येतात का? की सगळा कोड जगाला द्यावा लागतो?

पैसे खुशाल घ्या. अशा सॉफ्टवेअरला ‘फ्री’ही म्हणतात, पण ‘फ्री’ म्हणजे इथे मोकळं, फुकट नव्हे. कोड द्यायचा की नाही, हे मात्र परवान्यावर ठरतं.

वर्डप्रेस हे वेबसाइट बनवायचं सॉफ्टवेअर जीपीएल या परवान्याखाली येतं. त्यात बदल करून साइट स्वतःच्याच सर्व्हरवर चालवलीत, तर कोड कुणालाच द्यावा लागत नाही. पाहणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये तयार पान जातं, वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय त्या पीएचपीची फाइल नाही. पण तीच बदललेली प्रत ग्राहकाच्या हवाली केलीत, की ते वितरण झालं. मग त्याला सोर्सही (म्हणजे मूळ कोड) द्यायचा आणि पुढे बदलायचे-वाटायचे हक्कही. फक्त त्याला, साऱ्या जगाला नव्हे. तसंही पीएचपीत फाइल म्हणजेच सोर्स, तो आपसूकच जातो म्हणा.

रिअ‍ॅक्ट, जेक्वेरी या जावास्क्रिप्ट लायब्ररींचा एमआयटी परवाना सोपा: कॉपीराइटची ओळ आणि परवान्याचा मजकूर ठेवा, बस. बिल्ड करताना मिनिफायर (कोड आटोपशीर करणारं साधन) नेमक्या त्याच कॉमेंट उडवू शकतो, तेवढं बघा.

जपून राहायचं ते एजीपीएलपासून, म्हणजे जीपीएलच्या जास्त कडक भावंडापासून. त्याच्या २००७ च्या तिसऱ्या आवृत्तीनुसार बदललेला प्रोग्राम नुसता नेटवर्कवरून वापरायला दिला, तरी वापरणाऱ्यांना सोर्स मिळायला हवा. म्हणून नवं पॅकेज घेताना मी आधी लायसन्सची फाइल उघडतो, रीडमी नंतर.