शिन ते-योंग, बदली कोच आणि टीम शीटवरचं नाव

तुझी पोस्ट वाचली भावा. तालमीच्या टीमकडून इतकी वर्षं हाफला (मधल्या फळीत) खेळलास, गुडघा गेला, कोचिंगचं डी लायसन्स (पहिल्या पायऱ्यांतलं) झालंय, एका अकॅडमीत पोरांना शिकवतोयस, आणि लोक म्हणतात, ‘हा कधी राज्याकडून खेळला नाही, हा काय कोच होणार?’ त्यावर तू दक्षिण कोरियाचा फुटबॉल कोच शिन ते-योंगचं नाव काढलंस. वर्ल्ड कप न खेळलेला माणूस वर्ल्ड कपला कोच म्हणून कसा गेला आणि आपण त्यातून काय घ्यायचं, असं विचारलंस. खाली दोघातिघांनी ‘नशीब’ एवढंच लिहून सोडलंय. मी पण मधल्या फळीतूनच कोचिंगला आलोय, म्हणून जरा लांबण लावतो. लायसन्सच्या पायऱ्या, फी, फॉर्म यात शिरत नाही, ते तुला माहीतच असणार.

आधी एक गैरसमज काढून टाकू. वर्ल्ड कप खेळला नाही म्हणजे शिन साधा खेळाडू होता असं नव्हे. 1992 मध्ये इल्हवा चुन्माकडून (आताचा सॉन्गनाम) सुरुवात केली आणि त्याच वर्षी के-लीगचा (कोरियाची मुख्य लीग) सर्वोत्तम नवोदित ठरला. 1995 आणि 2001 ला एमव्हीपी, म्हणजे मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू. सहा लीग विजेतेपदं. मिडफिल्डर असून 1996 ला लीगमध्ये सगळ्यात जास्त गोल त्याचे. एकूण 401 सामने, 99 गोल, 68 असिस्ट, सगळे एकाच क्लबकडून. शंभराला एक कमी, हे त्याला अजून टोचत असेल असं मला उगीच वाटतं. राष्ट्रीय संघात मात्र बस्तान बसलं नाही. 1996 च्या एशियन कपमध्ये इराणविरुद्ध त्याने गोल केला, कोरिया 2-1 ने पुढे गेली, आणि मग सामना 2-6 ने हरली. अशा सामन्यातला गोल कोण लक्षात ठेवतो?

म्हणजे तुझी आणि त्याची (किंवा माझी आणि त्याची) खेळाडू म्हणून तुलना करू नकोस. घ्यायचं ते त्याच्या पुढच्या पाच-सहा वर्षांतून घे. त्याबद्दल कोणी लिहीत नाही.

2005 ला तो ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या क्वीन्सलँड रोअर क्लबकडे गेला. घोट्याने साथ सोडली, लीगचा एकच सामना खेळून बूट काढले. कोरियात परत येऊन ‘मी दोनदाचा एमव्हीपी’ म्हणत टीव्हीवर बसता आलं असतं. तो तिथेच कोच मिरॉन ब्लायबर्गच्या हाताखाली सहायक म्हणून राहिला. परका देश, परकी भाषा, नवी कोरी लीग, आणि काम सरावाचे प्लास्टिकचे कोन मांडण्यापासून. माझ्या मते त्याच्या करिअरमधला सगळ्यात मोठा निर्णय हाच. कझानला जर्मनीला हरवलं वगैरे नंतरचं.

2009 च्या मोसमाला सॉन्गनामने त्याला बोलावलं तेव्हाही पद होतं ‘प्रभारी’. त्याच मोसमात प्लेऑफला त्याच्यावर बाकावर बसायची बंदी होती. पठ्ठ्या प्रेक्षकांत वर जाऊन बसला आणि वॉकी-टॉकीवरून खाली सहायकाला सूचना देत राहिला. टीम जिंकत गेली, लोक त्याला वॉकी-टॉकीची जादू म्हणायला लागले. त्या वर्षी लीग आणि कप दोन्हीकडे उपविजेते. पुढच्या वर्षी टोकियोत इराणच्या झोब आहान क्लबला 3-1 हरवून आशियाई चॅम्पियन्स लीग जिंकली. 1995 ला खेळाडू म्हणून हीच स्पर्धा जिंकली होती, आता कोच म्हणून.

नंतरचा हिशेब बघ. 23 वर्षांखालचा संघ मिळाला तो आधीचे कोच आजारी पडले म्हणून. तो संघ घेऊन रिओ ऑलिंपिकला गेला, जर्मनीशी 3-3, मेक्सिकोला हरवून गटात पहिला. 20 वर्षांखालचा संघही दुसऱ्याच्या जागी, घरच्या वर्ल्ड कपला जेमतेम सहा महिने असताना. सीनियर संघ मिळाला जुलै 2017 मध्ये, आधीचे कोच उली श्टीलिके यांना काढल्यावर, वर्ल्ड कप पात्रतेचे दोनच सामने उरले होते. इराणशी 0-0, ताश्कंदला उझबेकिस्तानशी 0-0, आणि तिकीट पक्कं. पात्र ठरल्यावर काय झालं? ‘हिडिंकला (2002 च्या वर्ल्ड कपचे कोरियाचे कोच) परत आणा’ म्हणून लोकांनी ओरड सुरू केली! तुला बोलणाऱ्यांचं फार मनावर घेऊ नकोस, एवढ्यासाठी हे सांगितलं.

थोडक्यात माणूस कायमचा बदली कोच. पण प्रभारी असो की मधेच आलेला, कागदावर नाव त्याचंच होतं. आता इथे माझं दुखणं येतं, आणि तुझ्या पोस्टमधल्या ‘अकॅडमीने अजून लेटर दिलं नाही, पण सर चांगले आहेत’ या ओळीवर मी अडकलो ते यामुळेच.

मीही अशाच एका अकॅडमीत होतो. नाव घेत नाही, सर तिथलेही चांगलेच होते. तेरा आणि पंधरा वर्षांखालची पोरं माझ्याकडे. पगार पाकिटातून, तोही पालकांची फी जमली की. सामन्याच्या दिवशी पोरांचं वॉर्मअप मी घ्यायचो, आणि तेवढ्यात टीम शीट (खेळाडू आणि कोचच्या नावांचा अधिकृत कागद) भरून टेबलावर जायची. तिच्यावर ‘कोच’ या रकान्यात मालकांच्या मेहुण्याचं नाव. हा मेहुणा बक्षीस समारंभाला दिसायचा, तेवढाच. पुढच्या कोर्ससाठी अनुभवाचा दाखला मागितला तर अकॅडमीचं उत्तर, ‘तुम्ही आमच्या रजिस्टरला नाही.’ मग अर्ज घेऊन गेलो त्या कार्यालयात (तेही बिननावाचंच ठेवतो). तिथल्या साहेबांनी जुन्या टीम शीट काढल्या, रकान्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, ‘कोच तर हे आहेत.’ मोबाइलमधले टचलाइनवरचे फोटो दाखवले. ‘फोटोत कोणीही उभं राहतं.’ पालकांच्या सह्यांचं पत्र आणतो म्हटलं तर त्याचा नमुना उपलब्ध नाही. नमुना कोण देणार, तर दुसरी खिडकी. दुसरी खिडकी जेवायला गेलेली. त्या बॅचची जागा गेली ती गेलीच, आणि मेहुणा त्याच अनुभवावर पुढचा कोर्स करून आला. आज भेटला की मला टॅक्टिक्स समजावतो.

असो. रक्तदाब वाढतो, गोळी घेतलीय.

तर पहिलं काम, टीम शीट स्वतः भर. पोरांचं वॉर्मअप कॅप्टन घेईल. भरलेल्या शीटचा फोटो त्याच जागी काढ आणि स्वतःला मेल कर. सहायक म्हणून का असेना, तुझं नाव दिसलं पाहिजे. लेटर देत नसतील तर पगार बँकेत मागून बघ, तेवढीच नोंद राहते. नियम दरवर्षी बदलतात, त्यामुळे माझ्या भरवशावर फॉर्म भरू नकोस, यंदाचं पत्रक बघ. आणि हे माझं एकट्याचं मत आहे. चांगल्या अकॅडम्याही असतात, मला उशिरा मिळाली.

आता कझान, रशियातला वर्ल्ड कप. 27 जून 2018, जर्मनीवर 2-0, दोन्ही गोल भरपाईच्या वेळेत, किम यंग-ग्वॉन आणि सॉन ह्युंग-मिन. गतविजेते गटातच बाद. इथे ‘चमत्कार’ म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. वर्ल्ड कपच्या आधीच्या सराव सामन्यांत शिनने खेळाडूंच्या पाठीवरचे नंबर अदलाबदल केले होते. पाश्चात्त्यांना आशियाई चेहरे ओळखू येत नाहीत, हेर गोंधळतील, असं त्याने पत्रकारांना सरळ सांगितलं. स्वीडनवाल्यांनी हसण्यावारी नेलं आणि 1-0 ने जिंकलेही, ते वेगळं. मेक्सिकोशीही 1-2 हार. म्हणजे युक्ती फसली, पण समोरच्याची तयारी कशी बिघडवता येईल हा विचार डोक्यात सतत चालू. हाफला खेळलेल्या माणसाला ही सवय असते, निम्मा वेळ आपण दुसऱ्याचा पास कुठे जाणार हेच बघत असतो.

जर्मनीला हरवून घरी आला तर विमानतळावर काहींनी अंडी फेकली. करार वाढवला नाही.

मग इंडोनेशिया, 2019 च्या शेवटापासून. तिथे 2024 मध्ये 23 वर्षांखालच्या एशियन कपच्या उपांत्यपूर्व फेरीत समोर आली कोरियाच. 2-2, आणि पेनल्टीत 11-10 ने त्याने स्वतःच्या देशाला बाहेर काढलं, ऑलिंपिकच्या वाटेवरून. त्याच नोव्हेंबरात सीनियर संघाने सौदी अरेबियाला 2-0 हरवलं. जानेवारी 2025 मध्ये नारळ! 2025 मध्येच कोरियातल्या उल्सान क्लबला गेला, तिथे दोन महिने जेमतेम टिकला. तेव्हा हा धंदा सुरक्षित आहे अशा समजुतीत येऊ नकोस. घरी बायकोला हे आधी सांग, नंतर सांगितलं की जड जातं.

गुडघ्याचं विचारलंस त्यावर मी डॉक्टर नाही. पण पोरांबरोबर सराव सामन्यात उतरून ‘दाखवतो’ म्हणणं बंद कर. शिट्टी घे.

शेवटी तू विचारलं होतंस की त्याचा कोणता सामना बघू. कझानचा सगळे सांगतील, बघच. पण त्याआधी ताश्कंदचा 0-0 बघ. कंटाळवाणा आहे, गोल नाही. बदली आलेल्या कोचने, ज्याला सरावाला मोजके दिवस मिळालेत, आधी काय बंद केलंय ते त्यात दिसतं. वही घेऊन बस, दुसऱ्या हाफमध्ये मधल्या फळीतल्या दोघांमधलं अंतर लिहीत जा, आणि जमलं तर इथे टाक, मीही माझं टिपण काढून ठेवतो.